'द लायन अँड द ज्वेल'बद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न: सिदी, म्हातारा बाले आणि न दिलेलं देज

मागच्या वर्षी आम्ही पाच-सहा जणांनी या नाटकाचं मराठीत वाचन केलं, भाषांतर आमचंच, घाईघाईत केलेलं. तेव्हापासून नाटकवाले मित्र, एमए इंग्लिशची पोरं, नेट-सेटवाले, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. परीक्षेच्या नोट्स म्हणून वापरलंत तर तुमच्या जबाबदारीवर, कारण माझी मतं मधेमधे घुसणार.

हे नाटक कुणाचं, कुठलं, कधीचं?

वोले सोयिंका, नायजेरिया. जन्म १९३४, गाव अबेओकुटा, म्हणजे देशाच्या नैऋत्येचा योरुबा लोकांचा मुलूख. नाटक पहिल्यांदा झालं १९५९ ला इबादानमध्ये, छापून आलं १९६३ ला. नायजेरिया स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९६० ला, म्हणजे हे नाटक स्टेजवर आलं तेव्हा इंग्रज अजून गेलेले नव्हते पण जाणार हे नक्की होतं. आपल्याकडे ४६ साली कुणी "आता आपण साहेबासारखं व्हायचं का आजोबांसारखं" यावर कॉमेडी लिहिली असती तर कसं वाटलं असतं, तसं काहीसं. सोयिंकांना नोबेल मिळालं १९८६ ला, साहित्याचं नोबेल मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन लेखक.

नावं कशी उच्चारायची?

आडनावातल्या एसखाली योरुबात टिंब असतं आणि त्याचा उच्चार 'श', त्यामुळे खरं तर शोयिंका, पण मराठीत सोयिंका रुळलंय तर राहू दे. गाव इलुजिनले. इलु म्हणजे गाव, शहर. मास्तर लाकुनले, गावप्रमुख बारोका, त्याची थोरली बायको सादिकू, आणि हिरॉइन सिदी. जंजिऱ्याच्या सिद्दीशी काहीएक संबंध नाही, हाही प्रश्न खरंच आलाय. 'बाले' हे नाव नाही, हुद्दा आहे, गावाचा मुखिया. मुकुट घालणारा राजा तो 'ओबा', बाले त्याच्या खालचा.

स्टोरी थोडक्यात?

एकाच दिवसात सगळं घडतं, सकाळ, दुपार, रात्र. सकाळी सिदी डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चाललीये, शाळेतून पाढ्यांचा आवाज येतोय, लाकुनले खिडकीतून तिला बघतो आणि पोरांना तसंच सोडून बाहेर येतो. त्याला तिच्याशी लग्न करायचंय पण देज, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायचे पैसे, द्यायचं नाहीये, तिला देजाशिवाय लग्न करायचं नाहीये. तेवढ्यात बातमी येते की मागे एक फोटोवाला शहरातून येऊन गेला होता त्याचं मॅगझिन आलं, त्यात सिदीचे मोठे मोठे फोटो आहेत, आणि बालेचा फोटो कुठल्यातरी कोपऱ्यात, तोही गावच्या संडासाच्या शेजारी. दुपारी बासष्ट वर्षांचा बाले सादिकूकरवी सिदीला मागणी घालतो, ती म्हातारा म्हणून हाकलून लावते. मग बाले सादिकूला "कुणाला सांगू नकोस हं" म्हणून सांगतो की माझं पुरुषत्व गेलं. सादिकू अर्थातच सांगते. सिदी त्याची टर उडवायला रात्री वाड्यावर जाते आणि तिथेच फसते. परत येते, रडते, लाकुनले म्हणतो तरी मी लग्न करतो, आणि ती नटूनथटून निघते ती बारोकाकडे.

ब्राइड प्राइस म्हणजे हुंडाच ना?

नाही, नाही, नाही. हुंडा मुलीचा बाप देतो, हे मुलाकडचे मुलीच्या घराला देतात, दिशाच उलटी. आमच्या वाचनात आम्ही हीच चूक केली होती, 'हुंडा' असं ठोकून दिलं. पहिल्याच सीनमध्ये लाकुनले तावातावाने म्हणतो की मी हुंडा देणार नाही म्हणजे नाही, आणि पहिल्या रांगेत बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "अरे तू कशाला देतोस, तू घ्यायचा!" हॉल हसला, पण नको तिथे हसला, आणि पुढची दहा मिनिटं कुणालाच कळेना की हा पोरगा नक्की कशाबद्दल भांडतोय.

दुसऱ्या वाचनाच्या आधी आमच्यातला पालघरकडचा एक जण म्हणाला, अरे याला आमच्याकडे देज म्हणतात की. शब्द मराठीतच पडला होता आणि आम्ही इंग्रजी डिक्शनऱ्या उलटत बसलो होतो. वारल्यांमध्ये आणि इतरही बऱ्याच समाजांमध्ये देजाची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. योरुबात त्याला 'ओवो ओरी' म्हणतात, शब्दशः डोक्याचे पैसे. 'देज' घातल्यावर वाचन एकदम सरळ चाललं.

पण मुलीसाठी पैसे घेणं म्हणजे तिला विकणंच की. सिदी स्वतः कशी काय मागते?

लाकुनले हेच म्हणतो, की देज दिलं म्हणजे बाजारातून कालवड आणल्यासारखं, तू माझी मालमत्ता होशील. वाक्य ऐकायला शंभर टक्के बरोबर. सिदीचं उत्तर वेगळं आहे, तिला पैसे नकोच आहेत, तिला गावात मान हवाय. देजाशिवाय गेले तर लोक म्हणतील ही कुमारिका नव्हती, काहीतरी लपवायचं होतं म्हणून फुकटात गेली. म्हणजे तिच्यासाठी देज ही पावती आहे, आणि ती पावती तिच्यापेक्षा गावाला दाखवायची आहे.

मला दोघांचंही पटतं आणि म्हणूनच तो सीन चालतो. देज म्हणजे काहीतरी निरागस गोड प्रथा असं कुणी समजू नये. आपल्याच ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या खर्चासाठी वारली पोरगा सावकाराकडून कर्ज काढायचा आणि मग नवरा-बायको दोघं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचे, त्याला 'लग्नगडी' म्हणायचे, आणि ते मोडायला १९४५ चा वारल्यांचा लढा लागला. तेव्हा लाकुनलेला हसताना एवढं ध्यानात ठेवा की मुद्दा खरा आहे. माणूस खोटा आहे, ही वेगळी गोष्ट.

योरुबा लग्नात अजून काय काय असतं?

नाटकात पूर्ण लग्न दिसत नाही, पण विचारता म्हणून. मुलाकडचे रताळ्यासारखे दिसणारे पण त्याहून कितीतरी मोठे याम, मध, मीठ, पामतेल, कोलाची फळं असं सगळं घेऊन येतात, आणि प्रत्येक वस्तू नाव घेऊन, तिच्यावरून आशीर्वाद देत स्वीकारली जाते. नवरामुलगा आणि त्याचे मित्र मुलीच्या आईबापासमोर अक्षरशः पालथे पडून साष्टांग घालतात, पोरांचे कडक इस्त्रीचे कपडे मातीत. दोन्हीकडून एकेक बोलकी बाई असते जी सगळा कार्यक्रम चालवते, कोपरखळ्या मारते, पैसे उकळते, आपल्या रुखवताच्या वेळच्या खट्याळ मावशीसारखी पण माईक घेऊन आणि बिदागी ठरवून. ओयो भागात सासरी जाणारी मुलगी स्वतःच रडगाणं म्हणते, 'एकुन इयावो', नवरीचं रडणं. पाठवणीला आपल्याकडे सगळे रडतात, तिथे रडणं ही मुलीने शिकून सादर करायची कला आहे.

आणि हल्ली बऱ्याच योरुबा घरांत देजाचं पाकीट घेतात आणि तिथल्या तिथे परत देतात, आम्ही मुलगी विकत नाही असं सांगून. रीत पण राहिली आणि लाकुनलेचा मुद्दा पण राहिला, साठ वर्षांपूर्वी त्या दोघांना हे कुणी सुचवलं असतं तर नाटकच झालं नसतं.

लाकुनले म्हणजे आधुनिकता, बरोबर?

आधुनिकतेचा कॅटलॉग म्हणा हवं तर. त्याला बायको हवी ती काटाचमच्याने जेवणारी, उंच टाचांचे बूट, ओठांना लाल रंग, वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट नाचणारी. गावात ताडी बंद, दूधसाखरेचा चहा सुरू. एकदा सिदी म्हणते बायका याम कांडतात, लाकडं फोडतात मग कमजोर कशा, तर हा म्हणतो एक-दोन वर्षांत यामही कुटेल आणि मिरचीही वाटेल असं मशीन येईल, मिरची डोळ्यात न जाता! हे त्याचं एकमेव उपयोगाचं वाक्य, बाकी नाटकभर त्याने कुणासाठी पाट्यावर हात लावलेला नाही. आणि हाच माणूस त्याच दमात सांगतो की बायकांचा मेंदू पुरुषापेक्षा लहान असतो, पुस्तकात लिहिलंय.

त्याचे कपडे बघा. जुना इंग्लिश सूट, विरलेला पण फाटलेला नाही, धुतलेला पण इस्त्री नाही, टायची गाठ इवलीशी, तेवीस इंची पायाची पँट आणि त्याखाली पांढरे टेनिसचे बूट. कुणाच्या तरी जुन्या ट्रंकेतून काढलेली आधुनिकता. तो सिदीचा मुका घेतो तर ती वैतागते, ओठ कसले चाटतोस, घाण. आमच्या वाचनात सगळ्यात मोठा हशा इथेच.

पण तो पूर्ण उघडा पडतो शेवटी. सिदी रडत आलीये, आणि हा उदारपणे म्हणतो मी तुझ्याशी लग्न करीन, फक्त आता तू कुमारिका राहिली नाहीस तर देजाचा प्रश्नच मिटला. इतका वेळ जे तत्त्व होतं ते खरं तर बचत होती! आणि जी रूढी त्याला रानटी वाटत होती तिचाच हिशोब त्याने लावला, माल वापरलेला म्हणून भाव शून्य. माझ्या मते नाटक या एका वाक्यावर उभं आहे, बाकी समीक्षक काहीही म्हणोत.

मग बारोका म्हणजे परंपरा, आणि परंपरा जिंकते. असं लिहिलं तर मार्क मिळतील का?

मिळतील बहुतेक, पण चूक आहे. सिदी रात्री वाड्यावर जाते तेव्हा तिथे नोकर नाहीत. का? तर नोकरांनी युनियन काढलीये आणि आज त्यांची सुट्टी! हे बाले स्वतः सांगतो, कुरकुरत, पण सुट्टी दिलीये. कामगार युनियन गावात कुठे आहे तर म्हाताऱ्याच्या वाड्यात, मास्तरच्या शाळेत नाही. पुढे तो तिला एक अर्धवट मशीन दाखवतो, टपालाची तिकिटं छापायचं. गावाचं स्वतःचं तिकीट असेल आणि त्यावर तुझा चेहरा असेल, म्हणतो. मॅगझिनमुळे जिची मान ताठ झालीये तिला मॅगझिनपेक्षा मोठं आमिष. हे रूढीवादी डोकं नाही हो, हे पक्कं मार्केटिंग आहे.

प्रगतीबद्दल त्याची तक्रार एवढीच की तिच्यामुळे सगळी छपरं आणि सगळे चेहरे एकसारखे दिसायला लागतात. हे ऐकून मला तरी हायवेच्या दोन्ही बाजूचे आपले ढाबे आठवतात. पण लगेच भारावून जाऊ नका, हे सगळं तो एका पोरीला अंथरुणात ओढायला बोलतोय.

रेल्वेचा किस्सा काय आहे?

इंग्रजांची लागोस ते इबादान रेल्वे १९०१ ला सुरू झाली, तिथून योरुबा भागात रूळ म्हणजे बाजार, नोकरी, शहर, सगळंच. नाटकात लाकुनले सांगतो की इलुजिनलेजवळूनही रूळ जाणार होते, मोजणीवाला साहेब आला होता, पण बारोकाने त्याला पैसे आणि बकऱ्या चारल्या आणि साहेबाला अचानक साक्षात्कार झाला की इथली माती रुळाचं वजन पेलणार नाही. हे सगळं नाचातून, मूकाभिनयातून दाखवतात. मजा अशी की लाकुनले चिडून सांगायला लागतो आणि सांगता सांगता बालेच्या ऐषारामाचं वर्णन करताना त्याच्याच तोंडाला पाणी सुटतं, मलाही असं जगायला मिळालं असतं तर, असं बोलून जातो.

मॅगझिनला एवढं महत्त्व का?

कारण सिदीने स्वतःला असं पहिल्यांदाच बघितलंय. सकाळी ती देज मागणारी गावची पोर आहे, दुपारी ती सादिकूला सांगते की माझी किंमत वाढलीये, बाले काय मोठा लागून गेला. फोन हातात आल्यावर आपल्याकडे जे झालं ते तिथे एका अंकात झालंय, यावर जास्त लिहायची गरज नाही.

सादिकू स्वतःच नवऱ्यासाठी बायको शोधते, हे कसं काय?

ते तिचं कामच आहे, थोरली म्हणून. योरुबात थोरली 'इयाले', नंतर आलेली 'इयावो', आणि इयावो म्हणजे नवरीसुद्धा. सादिकू सिदीला ऑफर काय देते तर तू त्याची शेवटची बायको होशील, म्हणजे तो असेपर्यंत लाडकी आणि तो गेला की नव्या बालेची थोरली. सादिकू स्वतः आधीच्या बालेची शेवटची बायको होती, तिचं करिअर असंच झालंय. आपल्याला सवत म्हटलं की भांडणच दिसतं, पण इथे पायऱ्या आहेत, बढती आहे.

नाक मुरडण्याआधी एवढं आठवा की मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी १९४६ ला आली आणि देशभर १९५५ ला. आजी-पणजीच्या गोष्टींत सवत असतेच. नायजेरियात अजूनही रजिस्टर लग्न केलं तर एकच बायको, पण पारंपरिक किंवा मुस्लिम पद्धतीने केलं तर अनेक चालतात. आणि एकापेक्षा जास्त बायका करणारा म्हणजे खेड्यातला अडाणी म्हातारा असंही नाही, गायक फेला कुटी, लंडनला संगीत शिकलेला, तोही अबेओकुटाचाच, त्याने १९७८ ला एकाच दिवशी सत्तावीस बायकांशी लग्न केलं.

पण सादिकूचा खरा सीन वेगळा. बारोका 'संपला' कळल्यावर ती त्याच्या लाकडी पुतळ्याभोवती नाचते, आम्ही बायका जिंकलो म्हणून. आयुष्यभर ज्याची सेवा केली त्याच्यावरचा राग एका नाचात. आणि ती हरते, कारण तिचं नाचणंही त्याने आधीच धरलेलं होतं. मला हे जरा खुपतं. सोयिंका लहान असताना त्यांच्याच अबेओकुटात बायकांनी अन्यायी कराविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं, पुढे होत्या त्यांच्या नात्यातल्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी, म्हणजे याच फेलाची आई, आणि त्यातून १९४९ ला तिथल्या राजाला गादी सोडायला लागली. बायका खरोखर जिंकलेल्या बघितलेल्या माणसाने नाटकात मात्र त्यांना चकवलंय.

त्या रात्री नक्की काय होतं? तो बलात्कार आहे का?

स्टेजवर दिसत नाही. दिवे जातात, बहुरूप्यासारखे नाचणारे येतात, आणि मग सिदी धावत, रडत येते आणि सांगते की तो खोटं बोलला होता, आणि नंतर फुशारकी मारत सांगत होता की सादिकूच्या पोटात राहणार नाही हे मला माहीतच होतं. जुने लोक याला "चतुर कोल्हा" म्हणून हसून सोडून देतात. नाटकातही त्याला कोल्हा म्हणतातच. मला आज वाचताना हसू येत नाही. ती गेली टिंगल करायला, हे मान्य, पण ज्या कशाला होकार होता तो खोट्यावर घेतलेला होता. आमच्या वाचनात जी मुलगी सिदी करत होती तिने विचारलं, "मी इथे खरं रडू का कॉमेडी रडू?" आम्ही अर्धा तास गप्प. शेवटी ती खरं रडली आणि पुढचा सीन विनोदी राहिलाच नाही, आणि मला तेच बरोबर वाटलं.

मग ती त्याच्याकडेच का जाते?

ती सांगते ते कारण: त्याच्यानंतर दुसऱ्याचा स्पर्श कसा सहन होईल, साठीचा असून जोर आहे, हा मास्तर विशीत वाळका. न सांगितलेलं कारण मला वाटतं असं की तिच्यासमोर दोनच दारं आहेत आणि त्यातल्या एकावर आत्ताच "भाव शून्य" लिहिलं गेलंय. बारोकाने देज दिलं का? स्टेजवर कुठे दिसत नाही. सकाळपासून ज्यावरून भांडण, ते रात्री कुणाच्या लक्षातही नाही. परीक्षेत हे लिहा, तपासणारा दचकेल.

'संगीत शारदा'शी तुलना होते का?

होते, आणि आमच्या वाचनानंतर दर वेळी कुणीतरी करतंच. देवलांचं शारदा १८९९ चं, तिथेही पैसेवाला म्हातारा आणि तरुण मुलगी. पण तिथे पैसे घेणारा बाप खलनायक, म्हातारा हास्यास्पद, आणि लग्न मोडतं. इथे म्हातारा सगळ्यात हुशार आणि तरुण सुधारक हास्यास्पद. देवलांचा प्रेक्षक सुधारणेच्या बाजूने घरी जायचा, सोयिंकांचा प्रेक्षक कुणाच्याच बाजूने धड जाऊ शकत नाही.

चार्ली चॅप्लिनचं काय प्रकरण आहे?

खरं आहे, सोयिंकांनी स्वतः सांगितलंय की नाटक सुचलं ते चॅप्लिनच्या लग्नावरून. ५४ वर्षांचा चॅप्लिन, अठराची ऊना ओनील, १९४३. म्हणजे 'मागासलेल्या आफ्रिकन खेड्या'तल्या लग्नाचं मूळ थेट अमेरिकेत.

मराठीत करायचं असेल तर काही टिप?

ढोल आधी शोधा, नट नंतर. निम्मं नाटक नाचात आहे, फोटोवाला गाडी बंद पडून गावात कसा आला तेसुद्धा सगळे मिळून नाचून दाखवतात आणि फोटोवाला व्हायला लाकुनलेलाच ओढतात. आणि कृपा करून सिदीला नऊवारी नेसवू नका, गाव इलुजिनलेच राहू द्या, फक्त देज तेवढं मराठी.

लाकुनलेचं शेवटी काय होतं?

सिदी मॅगझिन त्याच्या हातात देते, सादिकूपुढे गुडघे टेकून आशीर्वाद घेते आणि वाजतगाजत निघते. लाकुनले दोन मिनिटं दगड होऊन उभा. तेवढ्यात गर्दीतली एक पोरगी त्याच्यासमोर कंबर हलवत जाते, सादिकू मधे येते, आणि मास्तर तिला बाजूला करून त्या पोरीला नाचायला जागा करून देतो. देजाचा विषय अजून निघालेला नाही.